नवव्या महिन्यातली 'पट्टी' आली कुठून? बाळाचे ठोके ऐकण्याची दोनशे वर्षं

नववा महिना लागला की मुंबईतल्या गरोदर बाईच्या फाइलमध्ये एक नवा कागद दिसू लागतो. चौकटींचा, घड्या घातलेला. वर एक थरथरती रेघ, खाली दुसरी. हीच ती एनएसटीची (नॉन-स्ट्रेस टेस्टची) 'पट्टी': वरची रेघ बाळाच्या ठोक्यांची, खालची गर्भाशय कडक होण्याची. घरातले तो उलटसुलट करून पाहतात, कुणीतरी फोटो काढून ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, आणि "ठोके बरोबर आहेत ना?" हा प्रश्न उत्तर येईपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात घोळत राहतो. एनएसटी, कलर डॉपलर, पाणी मोजायची सोनोग्राफी, हालचालींचा तक्ता ही सगळी मंडळी एकदम आलेली नाहीत. प्रत्येक तपासणी वेगळ्या काळात, वेगळ्या अडचणीतून निघाली, आणि म्हणून प्रत्येकीतून कळतंही वेगवेगळं. हे माहीत असलं तर रिपोर्ट हातात घेताना निम्मी धास्ती कमी होते, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात कानापासून झाली. १८१८ साली जिनिव्हातले शल्यविशारद फ्रान्स्वा मायॉर यांनी नोंदवलं की आईच्या पोटाला कान लावला तर बाळाचे ठोके ऐकू येतात. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. तीनेक वर्षांनी पॅरिसमध्ये केर्गारादेक नावाचे डॉक्टर, लेनेक यांनी नुकताच शोधलेला स्टेथोस्कोप पोटावर ठेवून गर्भजलाचा आवाज येतो का ते शोधत होते. पाण्याऐवजी त्यांना घड्याळासारखी टिकटिक ऐकू आली, आईच्या नाडीहून कितीतरी जलद. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. या ठोक्यांतल्या बदलांवरून पोटातल्या बाळाची तब्येत ओळखता येईल का, असं त्यांनी तेव्हाच विचारून ठेवलं. पुढची दोनशे वर्षं वैद्यकशास्त्र याच प्रश्नाशी झगडत आलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या विंकेल यांनी मिनिटाला १२० ते १६० ठोके ही सुरक्षित मर्यादा मांडली (आज ११० ते १६० धरतात), आणि पॅरिसच्या पिनार यांनी पोटावर टेकवायचं कर्ण्यासारखं नळकांडं रुळवलं. मुंबईत बायकांसाठीचं कामा हॉस्पिटल १८८६ मध्ये सुरू झालं; परळला केईएम आणि नौरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये उभी राहिली. गिरणगावातल्या कामगार बायकांची बाळंतपणं घरच्या सुईणीकडून हळूहळू दवाखान्यात आली ती या काळात. तेव्हाची तपासणी म्हणजे ते नळकांडं, एका हाताची बोटं आईच्या नाडीवर, डोळे घड्याळाच्या काट्यावर. नाडीवर बोटं अशासाठी की आईचेच ठोके बाळाचे म्हणून मोजले जाऊ नयेत. आजची यंत्रंही ही गफलत करतात, म्हणून पट्टा बांधल्यावर सिस्टर मनगट धरतात तेव्हा ती उगाचची सवय समजू नये.

कानाची अडचण अशी की तो मिनिटभर ऐकतो आणि मग दुसऱ्या खाटेकडे जातो. १९६८ मध्ये अमेरिकेत जवळपास २५ हजार बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि असं दिसलं की अधूनमधून ऐकलेल्या ठोक्यांवरून बाळ त्रासात असल्याचं, अगदी टोकाची अवस्था सोडली तर, भरवशाने ओळखता येत नाही. तोवर यंत्र तयार होतच होतं. येल विद्यापीठातल्या एडवर्ड हॉन यांनी १९५८ मध्ये ठोक्यांच्या सलग इलेक्ट्रॉनिक नोंदीची पद्धत प्रसिद्ध केली होती, उरुग्वेत काल्देरो-बार्सिया कळांचा दाब मोजत होते, जर्मनीत हामाखर काम करत होते. साठचं दशक संपता संपता यंत्रं विकत मिळू लागली आणि श्रीमंत देशांतल्या लेबर रूममध्ये झपाट्याने पसरली. आशा मोठी होती: सलग पहारा ठेवला की मेंदूला इजा झालेली बाळं जन्मणार नाहीत.

ती आशा तशी पुरी झाली नाही, आणि हे कुटुंबांना कुणी फारसं सांगत नाही. डब्लिनमध्ये सुमारे १३ हजार बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ मध्ये आले. एका गटाला सलग यंत्र लावलं, दुसऱ्यात ठोके अधूनमधून कानाने ऐकले. यंत्राखाली ठेवलेल्या गटात नवजात बाळांना येणाऱ्या झटक्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं, हा खरा फायदा. पण बाळं दगावण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि मुलं चार वर्षांची झाल्यावर सेरेब्रल पाल्सीही (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) दोन्ही गटांत सारखीच निघाली. अशा सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर सलग यंत्र लावल्याने सिझर मात्र वाढतात. यंत्र टाकाऊ आहे असा याचा अर्थ नाही. त्याच्या रेघेवर किती भार टाकायचा हे यातून कळतं.

हे झालं कळा सुरू झाल्यानंतरचं. कळांच्या आधी, नवव्या महिन्यात काढायच्या पट्टीची कथा जरा वेगळी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर ऑक्सिटोसिनचं सलाइन लावून मुद्दाम दहा मिनिटांत तीन कळा आणत आणि त्या वेळी ठोके घसरतात का ते पाहत. वार (प्लॅसेंटा) नीट काम करत नसेल तर कळेच्या दाबात बाळाचा प्राणवायू कमी पडतो, असा तर्क. तपासणी वेळखाऊ होती, आणि काही बायकांना द्यायला धोक्याची. मग लक्षात आलं की सलाइन लावण्याआधीच्या नोंदीत ज्या बाळांचे ठोके हालचालीबरोबर वर उसळलेले दिसतात, ती पुढेही ठीक राहतात. तेवढ्यावरून साधारण १९७५च्या सुमारास एनएसटी रूढ झाली: सुई नाही, औषध नाही, नुसतं पडून राहायचं.

खोलीत काय होतं ते सांगते. कुशीला थोडं कलून, अर्धवट टेकून झोपवतात. सपाट पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडून आईला गरगरतं, म्हणून. पोटाला दोन पट्टे: वरचा गर्भाशय कडक होतं का ते टिपतो, खालचा जेल लावून ठोके पकडतो. हातात एक बटण देतात. बाळ हललं की दाबायचं. कागद सहसा मिनिटाला एक सेंटीमीटर सरकतो, म्हणजे वीस मिनिटांची पट्टी वीतभर लांब. त्या वीतभरात डॉक्टर शोधतात ती उसळी: ठोके नेहमीच्या रेषेहून निदान १५ ने वर जाऊन निदान १५ सेकंद तिथे राहणं, असं दोनदा. ३२ आठवड्यांच्या आत १० ठोके आणि १० सेकंद पुरतात. उपाशी जायची गरज नाही, आणि आधी लघवी करून घेतलेली बरी.

उसळ्या दिसल्या नाहीत तर? बहुतेक वेळा बाळ झोपलेलं असतं. पोटातल्या बाळाची झोप वीस ते चाळीस मिनिटांची, त्यामुळे पट्टी चाळीस मिनिटांपर्यंत लांबवतात, कधी पोटाजवळ आवाज करून त्याला जागं करतात. जोखमीच्या गरोदरपणात पट्टी चांगली आली तर पुढच्या आठवड्यात बाळ दगावण्याचा धोका हजारी दोनच्या आसपास, म्हणजे फार कमी. उलट बाजूने पट्टी कच्ची आहे: उसळ्या न दिसलेल्या बाळांपैकी बहुतेक ठणठणीत निघतात. म्हणून एका वाईट पट्टीवर आभाळ कोसळल्यासारखं वागू नये आणि पुढच्या तपासणीला उशीरही करू नये.

ती पुढची तपासणी १९८० मध्ये डॉक्टर फ्रँक मॅनिंग आणि सहकाऱ्यांनी बसवली, बायोफिजिकल प्रोफाइल. पट्टीचे दोन गुण, आणि सोनोग्राफीवर दिसणारा श्वासाचा सराव, हालचाल, हातापाय पसरून परत दुमडणं व गर्भजल यांचे दोन-दोन, एकूण दहा. आठ-दहा म्हणजे निश्चिंत, सहा म्हणजे जपून, चार किंवा खाली म्हणजे बाळंतपणाचा विचार. पोटाच्या चार भागांत गर्भजलाची खोली मोजून करायची बेरीज (रिपोर्टवर एएफआय) १९८७ पासूनची. ५ सेंटीमीटरच्या खाली 'पाणी कमी' म्हणतात. पुढच्या अभ्यासांत दिसलं की या बेरजेमुळे कृत्रिम कळा देण्याचं प्रमाण वाढतं, बाळांचा फायदा काही वाढत नाही. त्यामुळे आता सर्वांत खोल एकाच जागेचं माप, निदान २ सेंटीमीटर, अधिक भरवशाचं मानतात. रिपोर्टवर नुसता एक आकडा असेल तर तो कुठल्या पद्धतीचा, हे जरूर विचारावं.

नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरने (ध्वनिलहरींवरून रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या तपासणीने) १९७७ मध्ये पुन्हा डब्लिनमध्येच टिपला गेला. या सगळ्या तपासण्यांत माझ्या मते पुराव्याच्या बाजूने सर्वांत वजनदार हीच आहे: बीपी वाढलेलं, बाळाची वाढ खुंटलेली अशा जोखमीच्या बायकांत नाळेच्या डॉपलरने बाळमृत्यू कमी होतात. सुरळीत गरोदरपणात तसा फायदा दिसलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सर्वच गरोदर बायकांची सरसकट पट्टी काढण्याची शिफारस करत नसल्याचं स्पष्ट म्हटलं. मधुमेह, बीपी, जुळी, तारीख उलटलेली, हालचाल मंदावलेली, अशी कारणं असतील तेव्हा तिला अर्थ आहे.

डॉपलरसाठी गेल्यावर नवव्या महिन्यातही एफ फॉर्मवर (गर्भलिंग तपासणीविरुद्धच्या कायद्याने सोनोग्राफीआधी भरायचा अर्ज) सही घेतात, आणि अनेकींना त्याचा राग येतो. त्यामागे या शहराचा स्वतःचा इतिहास आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत गर्भलिंग तपासणीचे दवाखाने उघडपणे चालत. बायकांच्या संघटना त्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला प्रतिबंधक कायदा केला. केंद्राचा १९९४ चा त्यामागून आला. ती सही करताना मला तरी त्या बायकांबद्दल कृतज्ञताच वाटते.

राहिली सर्वांत जुनी तपासणी, आईला जाणवणारी हालचाल. कार्डिफमध्ये १९७६ साली बाळाच्या दहा हालचाली होईपर्यंत मोजण्याचा तक्ता निघाला. पुढे ६८ हजार बायकांवरच्या चाचणीत रोज मोजून मृत्यू घटल्याचं दिसलं नाही. २०१८ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या चार लाखांहून अधिक गरोदरपणांच्या अभ्यासातही हालचालींविषयीच्या जागृती मोहिमेने ठोस फरक दिसला नाही. म्हणून आता आकड्यापेक्षा बाळाची नेहमीची चाल ओळखण्यावर भर आहे. ती मंदावली असं वाटलं तर "नववा महिना आहे, जागा कमी पडते" या समजुतीवर थांबू नये. दिवस भरत आले तरी बाळ हलणं कमी करत नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे नाव घातलंय तिथल्या लेबर रूममध्ये जावं, आधीच्या पट्ट्या आणि शेवटची सोनोग्राफी बरोबर न्यावी, आणि हालचाल कधीपासून कमी वाटते ती वेळ केसपेपरवर लिहून घ्यायला सांगावी.