गावकी, शाखा आणि राज्यशास्त्र

नवी मुंबईतल्या आगरी-कोळी गावठाणांत गावकी, म्हणजे गावचे निर्णय घेणारी गावकऱ्यांची बैठक, बसते ती बहुधा देवळाच्या ओट्यावर, रात्रीची जेवणं उरकल्यावर. वहीत जत्रेच्या वर्गणीचा हिशेब, मध्येच भावकीतल्या भिंतीचा वाद, आणि निवडणूक तोंडावर असली की 'या खेपेला कोण?' महापालिकेच्या कायद्यात गावकीला जागा नाही, मतमोजणीच्या तक्त्यातही ती दिसत नाही. मग तिचा अभ्यास करायचा कोणी?

राज्यशास्त्राच्या नावातच राज्य आहे. जिथे राज्यच नाही तिथलं राजकारण कसं चालतं, हा पेच 1930 च्या दशकात सुदानातल्या नुएर गुराख्यांमध्ये राहिलेल्या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांच्यापुढे होता. ना राजा, ना फौजदार. खून पडला की बिबळ्याचं कातडं पांघरणारा मध्यस्थ दोन्ही बाजूंना बसवून किती गुरांवर मिटवायचं ते जुळवून आणायचा. हुकूम सोडायचा अधिकार त्याला नव्हता. (हे संशोधन वसाहतीच्या सरकारला हवं होतं, हेही खरं.) 1940 मध्ये त्यांनी मायर फोर्टेस यांच्यासोबत आफ्रिकेतल्या राजकीय व्यवस्थांवर ग्रंथ संपादित केला आणि राजकीय तत्त्वज्ञांचा आपल्याला फारसा उपयोग झाला नाही, असं प्रस्तावनेत सांगून टाकलं. 1959 मध्ये राज्यशास्त्रज्ञ डेव्हिड ईस्टन यांनी उलटा आक्षेप घेतला: राजकीय व्यवस्था म्हणजे नेमकं काय, हेच तुम्ही ठरवलेलं नाही. मला दोघांचंही पटतं.

आपल्याकडचा धागा मुंबई विद्यापीठातून जातो. तिथले समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास ऑक्सफर्डला इव्हान्स-प्रिचर्ड यांच्याकडे शिकले, 1948 मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले आणि 1955 च्या लेखात त्यांनी 'व्होट बँक' हा शब्द वापरला. आज टीव्हीवर तो जातीधर्माच्या गठ्ठ्यासाठी उधळला जातो. मुळात तो गावातल्या वजनदार आश्रयदात्याच्या मुठीतल्या मतांबद्दल होता. पुढे 1970 मध्ये राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारी यांनी जात आणि राजकारण यांचा विषय राज्यशास्त्रात ठामपणे आणला.

ठाण्यात शिवसेनेने 1967 मध्ये नगरपालिका जिंकली, तेव्हा पक्ष जेमतेम वर्षाचा होता. एवढं आकड्यांतून कळतं. पण टेंभी नाक्यावर सेनेचे ठाण्यातले नेते आनंद दिघे यांच्याकडे लोक घरचे तंटेसुद्धा घेऊन का यायचे, हे कळायला नाक्यावरच बसावं लागतं. डॅनिश मानवशास्त्रज्ञ थॉमस ब्लोम हॅन्सन यांनी 1990 च्या दशकात ठाण्यात ते केलं. बिबळ्याच्या कातड्याची आठवण इथे होतेच, पण तुलना फार ताणू नये: दिघ्यांच्या शब्दामागे सेनेच्या शाखांचं जाळं उभं होतं.

तसंच गावकीचं. 1970 पासून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने 95 गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली, 1984 च्या जानेवारीत उरण-जासईच्या आंदोलनात पोलीस गोळीबारात पाच जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळण्याची वाट मोकळी झाली. गावकीच्या शब्दाला आजही वजन आहे ते या आठवणीमुळे. मात्र ओट्यावर बायका क्वचितच दिसतात, आणि गावठाणातल्या चाळींत राहणारे भाडेकरू तर नाहीतच. मतदारयादीत दोघांचीही नावं असतात.