बलमापन म्हणजे फोर्स फीडबॅक नव्हे

पेशीवर पडणाऱ्या बलाचा आलेख पडद्यावर दिसला की त्याला बिनदिक्कत ‘फोर्स फीडबॅक’ म्हणून मोकळं व्हायचं, हे आता थांबायला हवं.

बल मोजतात कसं, ते बहुतेकांना ठाऊक असतं. ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची बारीक पट्टी, म्हणजे कॅन्टिलिव्हर, पेशीवर टेकून वाकते आणि लेसर तो वाक टिपतो. ०.०६ न्यूटन प्रतिमीटर ताठरतेची पट्टी १० नॅनोमीटर वाकली, तर बल ०.६ नॅनोन्यूटन. यात फीडबॅक कुठेच नाही. हाच आकडा क्षणोक्षणी यंत्राकडे परत जाऊन पट्टी किती खाली-वर न्यायची ते ठरवू लागला, की फीडबॅक सुरू झाला.

आणि मग प्रयोगच बदलतो. पेशी निव्वळ स्प्रिंगसारखी वागत नाही, ती दाबाखाली सावकाश सैलावते. पट्टीचा पाया एका उंचीवर रोखून धरला, तर बल हळूहळू उतरतं. खोलीसुद्धा पुरती स्थिर राहत नाही, कारण बल उतरलं की वाकलेली पट्टी जराशी सरळ होते आणि तिचं टोक आणखी रुततं. फीडबॅक लावून बल १ नॅनोन्यूटनवर टिकवलं, तर उतार दिसत नाही, पट्टी खाली खाली जात राहते. या दोन प्रयोगांचे आकडे शेजारी मांडून ‘ही पेशी मऊ, ती कडक’ असं ठरवणं मला अजिबात मान्य नाही. पेशीच्या मऊपणाला महत्त्व आहे म्हणूनच हा आग्रह. रुग्णांच्या शरीरद्रवातल्या, पसरणाऱ्या कर्करोगाच्या पेशी त्याच द्रवातल्या निरोगी पेशींपेक्षा ७० टक्क्यांहून अधिक मऊ असल्याचं लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं होतं.

राहिला हॅप्टिक जॉयस्टिक. तो फीडबॅकचा एक प्रकार, ज्यात बल बोटांना जाणवतं आणि निर्णय माणूस घेतो. नुसता थरथरणारा जॉयस्टिक हाही हॅप्टिक्सच, पण तो फोर्स फीडबॅक नव्हे, ती फक्त सूचना. नॅनोन्यूटन बोटाला कळायला ते अब्जपटीच्या घरात वाढवावं लागतं, आणि पट्टीची उष्णतेमुळे होणारी थरथरही तितकीच वाढते. म्हणून मोजमापात हात नकोच, तिथे स्वयंचलित लूप हवा. इक्सीत, म्हणजे शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडण्याच्या उपचारात, मात्र हॅप्टिक्स जरूर यावं. साधारण ०.१ मिलिमीटरच्या अंडपेशीत सुई घालताना आजही मुख्य भिस्त डोळ्यांवर असते. सुईपुढे अंडपेशीचा पडदा ताणला जातो तसं बल चढतं आणि पडदा फुटताच झपकन उतरतं. तो उतार बोटांना कळला, तर सुई तिथल्या तिथे थांबवता येईल.