मुलांचे आर्ट सेट चायनातून मागवताय? एचएस कोड आधी ठरवा, मग बुकिंग करा

दरवर्षी तेच होतं. शाळेच्या सीझनसाठी नाशकातल्या मेन रोड, रविवार कारंजा इकडचे स्टेशनरीवाले आर्ट सेट मागवतात आणि मे महिन्यात कोणीतरी फाईल घेऊन माझ्यासमोर बसलेलं असतं, कंटेनर न्हावा शेवाला पडलाय, कस्टमची क्वेरी आलीय, रोजचं भाडं चढतंय आणि इकडे जूनच्या ऑर्डरी हातातून चालल्यात. कागद उघडले की चूक बहुतेक वेळा एकाच जागी असते, इनव्हॉइसच्या एका ओळीत, जिथे मालाचं वर्णन आणि एचएस कोड (मालाचा प्रकार सांगणारा आकडा, ड्युटी त्यावरूनच ठरते) असतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय, कारण माल उतरल्यावर फार थोडं करता येतं आणि माल निघायच्या आधी जवळजवळ सगळं करता येतं.

सुरुवातीचं सोपं आहे. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा कोड नंबर, डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर पॅनवरून निघतो, फी ५०० रुपये, मग बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँक शाखेचा नंबर) आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर नोंदवायचा. फक्त एक लक्षात ठेवा, आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये जाऊन कन्फर्म करावा लागतो, काहीही बदललेलं नसलं तरी, नाहीतर तो बंद पडतो.

आता खरा गुंता. एका सातपूरच्या पार्टीचा सॅम्पल बॉक्स माझ्या टेबलावर होता तो सांगते. गुलाबी प्लास्टिकची सूटकेस, झाकणावर युनिकॉर्न, आत खाचे पाडलेले. वॉटरकलरच्या २४ वड्या, १२ स्केचपेन, १२ क्रेयॉन, १२ ऑइल पेस्टल, दोन ब्रश, शार्पनर, खोडरबर. इनव्हॉइसवर एवढंच, 'किड्स आर्ट टॉय सेट', इतके नग, इतका रेट. सप्लायरने कोड टाकलेला ९५०३, म्हणजे खेळणी. त्यांच्याकडे तो चालत असेल, आपल्याकडे त्या एका 'टॉय' शब्दाने काय होतं बघा. खेळण्यांवरची मूळ ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७० टक्के. म्हणजे एक लाखाच्या मालावर नुसती मूळ ड्युटी सत्तर हजार, आयजीएसटी (आयात मालावरचा जीएसटी) वेगळाच. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) लायसन्स आणि आयएसआय मार्क सक्तीचा आहे आणि ते लायसन्स तुम्हाला नाही, तिकडच्या फॅक्टरीला लागतं. ते नसेल तर ड्युटी भरायची कितीही तयारी दाखवा, माल सुटत नाही.

आणि वाईट हे वाटतं की बऱ्याच वेळा माल खेळणी नसतोच. टॅरिफचा, म्हणजे कोड आणि ड्युटीच्या यादीचा, अर्थ लावायला ज्या एक्सप्लनेटरी नोट्स वापरतात, त्यात ९५०३ खाली स्पष्ट लिहिलंय की मुलांसाठीचे रंग ३२१३ मध्ये, खेळायची क्ले ३४०७ मध्ये, क्रेयॉन आणि पेस्टल ९६०९ मध्ये, रंगवायची पुस्तकं ४९०३ मध्ये, हे सगळं खेळण्यांतून बाहेर. मुलांसाठी आहे म्हणून खेळणं, असं नाही. हा मुद्दा क्वेरीच्या उत्तरात पहिल्या ओळीत यायला हवा, पण लोक तिथे 'कृपया माल सोडावा, सीझन आहे' असं लिहून पाठवतात. असेसमेंट, म्हणजे कोड आणि ड्युटी तपासून ठरवणं, फेसलेस आहे, तुमची फाईल दुसऱ्याच शहरातला अधिकारी बघत असतो, त्याला सीझनचं काय.

पण सेटमध्ये खरंच खेळणं असेल, म्हणजे छोटी बाहुली, पझल, काहीतरी फ्री म्हणून टाकलेलं, तर मात्र जपून. ९५ व्या चॅप्टरच्या नोट ४ प्रमाणे खेळण्यासोबत दुसऱ्या वस्तू एकत्र पॅक करून विकल्या आणि एकूण स्वरूप खेळण्याचं असलं तर सगळं मिळून ९५०३ मध्ये जाऊ शकतं. ते फ्री प्रकरण सप्लायरला काढायलाच सांगा. तसंच फिंगर पेंट. बीआयएसच्या खेळण्यांच्या मानकांमध्ये, आयएस ९८७३ मध्ये, भाग ७ फिंगर पेंटचाच आहे आणि बीआयएस सक्तीचं करणाऱ्या सरकारी ऑर्डरमधली खेळण्याची व्याख्या १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायच्या वस्तू अशी चांगली रुंद आहे. त्यामुळे कोड ३२१३ लावला म्हणून बीआयएसचा प्रश्न आपोआप मिटतो असं समजू नका, दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या जातात.

बरं, खेळणं नाही हे ठरलं, मग कोणता कोड? नुसते रंग, सोबत ब्रश आणि पॅलेट असेल तर ३२१३ १० ००, सेटमधले रंग, त्यात वाद फारसा नाही. अडचण मिक्स सेटची. रंग ३२१३, स्केचपेन ९६०८, क्रेयॉन आणि पेस्टल ९६०९, ब्रश ९६०३, शार्पनर ८२१४, खोडरबर ४०१६. इथे टॅरिफचा अर्थ लावायच्या नियमांतला नियम ३(ब) लागतो. वेगवेगळ्या शीर्षकांतल्या वस्तू, एकाच कामासाठी एकत्र, आणि पुन्हा पॅकिंग न करता थेट गिऱ्हाइकाला विकता येतील अशा बॉक्समध्ये, या तिन्ही अटी बसल्या तर तो 'सेट', आणि ज्या वस्तूमुळे त्याला मूळ स्वरूप येतं तिचा कोड सगळ्या सेटला. मूळ स्वरूप कशावरून ठरतं? संख्या, वजन, किंमत, वापरातलं महत्त्व. वॉटरकलर मुख्य आणि चार पेन्सिली सोबत असतील तर ३२१३, उलट असेल तर ९६०९. आणि काहीच वरचढ नसेल तर नियम ३(क), जी शीर्षकं बरोबरीत आहेत त्यातलं आकड्यांनी शेवटचं घ्यायचं. ३२१३, ९६०८, ९६०९ बरोबरीत असतील तर ९६०९. हे मनाने नाही ठरवायचं, कागदावर दाखवावं लागतं.

आणि तो कागद कोणाकडेच नसतो. आयटमप्रमाणे फोड. सेटमधल्या प्रत्येक वस्तूचा नग, वजन आणि किंमत, बेरीज इनव्हॉइसच्या रेटशी जुळणारी, सप्लायरच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यासकट. सप्लायर म्हणतो 'एक सेट, एक रेट' आणि विषय सोडून देतो. पैसे गेल्यावर तो उत्तरही देत नाही, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कोणी विचारायला आलं की सांगते, प्रोफॉर्मा इनव्हॉइससोबतच (ऑर्डर पक्की करायच्या आधीचं कच्चं बिल) फोड मागा, ती आली की मगच ॲडव्हान्स पाठवा. सोबत इनव्हॉइसवर वर्णन नीट लिहून घ्या, 'वॉटरकलर, स्केचपेन, क्रेयॉन असलेला ड्रॉइंग सेट' असं काहीतरी, आणि बॉक्सवर जर 'टॉय' छापलेलं असेल तर ते आर्टवर्क बदलून घ्या. खोटं लिहायचं नाही हां, जे आत आहे तेच लिहायचं, फक्त पूर्ण लिहायचं.

सूटकेसबद्दल पण विचारतात. आकार त्या वस्तूंसाठीच घडवलेला, खाचे असलेला, टिकाऊ, आणि वस्तूंसोबतच विकला जाणारा असेल तर नियम ५(अ) प्रमाणे तो सेटच्याच कोडात जातो. पण शाळेची बॅग आणि आत दहा रंग असा प्रकार असेल तर बॅगेलाच मूळ स्वरूप आहे असं अधिकारी म्हणेल, आणि त्याचं बरोबर असेल.

२२ सप्टेंबर २०२५ पासून पेन्सिल, क्रेयॉन, पेस्टल, शार्पनर यांच्यावर जीएसटी शून्य झाला तेव्हापासून नवीन गैरसमज सुरू झालाय, की सेटमधल्या तेवढ्या वस्तूंवर शून्य लावा. सेट म्हणून एका कोडात घातला की कर त्या कोडाचाच, आतल्या वस्तू सुट्या करून नाही.

आता तारीख. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमकडे भरायचा फॉर्म, जहाज आल्यावर दुसऱ्या दिवशी भरलं तरी चालतं असं अजून कितीतरी जण धरून बसलेत, तो नियम २०२१ मध्ये बदलला. आता चायनातून समुद्रामार्गे येणाऱ्या मालाचं बिल जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायचं, सुट्टीचा दिवस धरून. चुकलं तर पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये, पुढे रोज १०,०००. येण्याच्या ३० दिवस आधी भरता येतं, मग थांबायचं कशाला. एमआरपी, इम्पोर्टरचं नाव-पत्ता वगैरे स्टिकर तिकडेच लावून घ्या.

दरवर्षी तोच सेट मागवणार असाल तर ॲडव्हान्स रूलिंग, म्हणजे माल यायच्या आधीच कोडाचा अधिकृत निर्णय, घ्या, खरंच घ्या. मुंबईला कस्टम्स ॲडव्हान्स रूलिंगचं प्राधिकरण आहे, फॉर्म सीएएआर-१, फी १०,००० रुपये, कायद्याने तीन महिन्यांत निर्णय, आणि तो ठराविक मुदतीपर्यंत किंवा कायदा बदलेपर्यंत चालतो. अर्ज परत का येतात? कारण लोक माल अडकल्यावर जातात, आणि तोच प्रश्न तुमच्याच केसमध्ये अधिकाऱ्यासमोर चालू असेल तर अर्ज घेतला जात नाही. जूनचा सीझन धरायचा तर दिवाळीनंतर लगेच अर्ज टाका. आणि शेजारच्या दुकानदाराला मिळालेला निर्णय तुम्हाला लागू होत नाही, तो फक्त त्याच्यासाठी असतो.

माल आधीच अडकला असेल तर एकच विनंती, अधिकाऱ्याने दुसरा कोड लावला तर घाईत 'नवीन कोड मान्य आहे' असं लिहून देऊ नका. सीएचएला (तुमच्या कस्टम एजंटला) पण तसं सांगून ठेवा, तो भाडं वाचवायला पटकन देऊन टाकतो. मान्य नाही म्हटलं तर कस्टम्स कायद्याच्या कलम १७(५) खाली अधिकाऱ्याला १५ दिवसांत कारणांसकट ऑर्डर द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करता येतं. तोवर माल हवा असेल तर कलम १८ खाली बाँड देऊन प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं असेसमेंट मागा. एका ताईंनी ७० टक्के भरून माल सोडवला, 'नंतर रिफंड घेऊ' म्हणून, अपील केलंच नाही. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयटीसीच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की असेसमेंट अपिलात किंवा कायद्यातल्या दुसऱ्या तरतुदीखाली बदलून घेतल्याशिवाय रिफंड मिळत नाही, त्यामुळे त्यांचे ते पैसे गेले ते गेलेच. माझ्याकडे आल्या तेव्हा साठ दिवस होऊन चार महिने झाले होते, आणि फोड केलेला कागद त्यांच्या मेलमध्ये तसाच पडून होता, सप्लायरने पाठवलेला, कोणी उघडलाच नव्हता.