जात्यावरची भक्ती: आईच्या रोजच्या कामातील श्रद्धेची पार्श्वभूमी

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पहिले कालवापर सर्वेक्षण केले. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशी विनामोबदला घरकामे करणाऱ्या स्त्रियांची त्यांत रोज सरासरी २९९ मिनिटे जातात आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटे जातात, असे त्यात दिसून आले. मुलांचे संगोपन आणि आजाऱ्यांची देखभाल यांत धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे. जवळजवळ पाच तासांचे हे काम राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात येत नाही, आणि घरातही ते राहून गेले तरच लक्षात येते. मराठी मुलखात मात्र या कामाची, आणि ते करताना मनाला लाभणाऱ्या आधाराची, फार जुनी साक्ष उपलब्ध आहे.

बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. पुढे १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीने गीतेचा अर्थ सांगण्यासाठी ओवीच निवडली. ग्रंथातली ओवी आणि गळ्यावरची ओवी यांची घडण वेगळी असली, तरी उखळामुसळाशी बसलेल्या बायकांचा छंद तत्त्वचिंतनाचे माध्यम झाला, ही गोष्ट मला मराठी संस्कृतीतील अतिशय महत्त्वाची वाटते.

तेराव्या-चौदाव्या शतकातील जनाबाई गंगाखेडची, पंढरपुरात नामदेवांच्या घरी राबणारी. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी’ असे तिच्या अभंगात येते. देव भेटावा म्हणून ती काम सोडून कुठे जात नाही. केर काढताना आणि दळताना देवच तिच्या बाजूला येऊन उभा राहतो. जनाबाईला मूलबाळ असल्याचा उल्लेख परंपरेत नाही, पण तिचा विठ्ठल मात्र ‘लेकुरवाळा’ आहे: निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात धरलेला, बंका कडेवर आणि नामा करंगळी धरून चालणारा. देव कसा असतो हे सांगायचे तर मुलांच्या गराड्यातील आई डोळ्यांपुढे आणावी, असे तिला वाटले. तुकारामांनीही ‘लेकुराचे हित वाहे माउलीचे चित्त’ असे म्हणून त्या कळवळ्याला ‘लाभाविण प्रीती’ म्हटले. वारकरी संप्रदायाने आईपणाला दिलेला हा मान शोभेचा नाही, कारण ज्ञानेश्वरांपासून विठ्ठलापर्यंत सर्वांना हाक मारायची ती ‘माउली’ अशीच.

प्रत्यक्ष संसारात हे इतके सरळ नव्हते. शिऊरच्या बहिणाबाईंनी (१६२८ ते १७००) आपले चरित्र स्वतः अभंगांत सांगितले आहे. तुकारामांच्या भक्तीचा ओढा लागलेल्या या बाईला नवऱ्याचा राग आणि मार सोसावा लागला. त्या गरोदर असताना तो घर सोडून जायला निघाला होता. त्यांनी भक्ती सोडली नाही आणि संसारही सोडला नाही. ही ओढाताण लिहून ठेवणारी आई त्या काळात विरळाच.

ज्यांचे नाव कुठेच उरले नाही अशा बायका पहाटे जात्यावर बसत आणि खुंटा धरून, मूठमूठ घास घालत गात. त्यांच्या ओव्यांत मुलगा राघू असतो आणि मुलगी मैना. पंढरीची वाट असते, सासुरवासही असतो. वनवासात एकटीने लव-कुशांना वाढवणारी सीता त्यांना विशेष जवळची होती, कारण तिच्या दुःखात त्यांना स्वतःचे दुःख बोलता येत होते. या ओव्यांतील श्रद्धेचे मोल मी फार मानतो. पण तिचा आधार घेऊन आईच्या कष्टांना पुण्याचे नाव द्यायचे आणि ते तिच्याच अंगावर ठेवायचे, हे मला मान्य नाही. ओव्या गाणाऱ्या बायकांनी दुःख लपवलेले नाही, मग ऐकणाऱ्यांनी ते वगळून फक्त भक्ती का उचलावी?

निरक्षर असलेल्या बहिणाबाई चौधरी यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी उतरवून घेतली नसती, तर शेत, चूल आणि घरोटा (जाते) यांतून त्यांनी उभे केलेले जीवनदर्शन १९५१ साली त्यांच्याबरोबरच गेले असते. ती गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये.

दरम्यान गावोगावी पिठाची गिरणी पोचली. कष्ट वाचले हे चांगलेच झाले, पण गाण्याची जागाही गेली. साने गुरुजी आणि सरोजिनी बाबर यांच्यासारख्यांनी ओव्या गोळा केल्या होत्याच. पुढे पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून सुरुवात करून, गावांतील स्त्रियांच्या मदतीने एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या प्रसिद्ध होत आहेत आणि तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव व गावही दिले जाते.