किडकी दाढ कुठवर कोरायची?

पावसाळा सरला की कोकणात दाराच्या चौकटीकडे सुतार बघतो. तळाशी ओल चढते, तिथे आधी बोटाने दाबतो, मग पटाशी टोचतो. भुसभुशीत लाकूड तासून काढतो आणि टणक लागलं की थांबतो. राहिलेलं लाकूड काळपट असलं तरी ते ठेवतो. दाढेतली कीड काढताना दंतवैद्यापुढे हाच प्रश्न असतो. फरक इतकाच, की इथे काही मिलिमीटरच्या भिंतीपलीकडे जिवंत नस असते.

दाताचं वरचं कवच, इनॅमल, वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज. त्याखालच्या डेंटिनमध्ये खनिज सुमारे ७० टक्के, बाकी मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. जिवाणूंचं आम्ल आधी खनिज विरघळवतं, मग उघडं पडलेलं कोलॅजन कुजतं. म्हणून किडलेल्या डेंटिनचे दोन थर मानतात. वरचा ओला, मऊ, जिवाणूंनी भरलेला. त्यातलं कोलॅजन मोडलेलं असतं, तो सुधारत नाही. आतल्या थरातलं खनिज घटलेलं असलं तरी कोलॅजनचा सांगाडा शाबूत असतो, आणि सांगाडा आहे तिथे कॅल्शियम-फॉस्फेट पुन्हा बसू शकतं.

दात किती कठीण हे मोजतात हिऱ्याच्या बारीक टोकाने. ठराविक भार देऊन टोक दाबायचं आणि उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. नूप या कठीणपणाच्या मापात निरोगी डेंटिन साधारण ६०-७० भरतं, इनॅमल ३०० च्या पुढे, तर कुजका थर २० च्याही खाली उतरतो. पण नुसतं खनिज किती यावर कठीणपणा ठरत नाही. ते कोलॅजनच्या तंतूंच्या आत शिरलंय की बाहेरच साचलंय, यावरही ठरतो.

आणखी एक गोम आहे, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते: नसेजवळचं डेंटिन निरोगी दातातही मऊच असतं. डेंटिनमध्ये बारीक नळ्या असतात. इनॅमलजवळ चौरस मिलिमीटरला वीसेक हजार, नसेजवळ ४५ हजारांच्या वर. तिथेही ‘टणक लागेपर्यंत’ कोरत गेलं तर नसच उघडी पडायची. म्हणून आता खोल किडीत कडा टणक होईपर्यंत साफ करतात, पण नसेवरचा मऊ थर मुद्दाम ठेवून दाढ घट्ट बंद करतात. आत कोंडलेल्या जिवाणूंचा अन्नपुरवठा तुटतो आणि कीड थबकते. जुन्या, थांबलेल्या किडीचं डेंटिन तर काळंभोर असूनही कठीण असतं. रंगावर जाऊन चालत नाही.

परसातल्या कच्च्या पपईचा तुकडा मटण लवकर शिजावं म्हणून घालतात ना, त्यातलं पपेन प्रथिनं तोडतं. पपेनची एक जेल ब्राझीलमध्ये दातांसाठी तयार झाली. ती मोडलेलं कोलॅजन मऊ करते, चांगल्याला फारशी लागत नाही. मग बोथट हत्याराने कीड खरवडून निघते. वेळ जास्त लागतो, पण ड्रिलच्या आवाजाने रडणाऱ्या पोरांसाठी तो द्यावा.

दाढ भरल्यावर एक्स-रेत खाली पुसट सावली दिसली, तर ‘कीड अर्धीच काढली’ म्हणून लगेच घाबरू नका. ती मुद्दाम ठेवली का, आणि भरलेल्या दाढेची कड कुठे सुटली तर नाही ना, हे डॉक्टरांना जरूर विचारा.