ओहोटीला उघडे पडणारे जहाज: वेळ, वाळू आणि गंज

किनाऱ्यावर रुतलेल्या जुन्या जहाजापाशी चालत जायचे, तर पहिला हिशेब पाण्याचा. दिवसातून दोनदा भरती येते तिथे दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटे उशिरा लागते, त्यामुळे कालची वेळ आज धरून चालत नाही.

पाणी एकसारखे चढतही नाही. ढोबळ गणित असे: ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक असेल तर पहिल्या तासात पाणी २५ सेंटीमीटरच चढते, तिसऱ्यात ७५. तो निवांत पहिला तासच फसवतो. म्हणून पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी, उतरत्या पाण्यामागून निघावे आणि पाणी सर्वांत खाली गेले की माघारी फिरावे. सपाट किनाऱ्यावर पाणी समोरूनच येईल असे नाही. जमिनीच्या बाजूच्या खोलगट पट्ट्यात ते आधी शिरते आणि जहाजापाशी उभा असलेला माणूस कोरड्या उंचवट्यावर अडकतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जहाज जास्त उघडे पडते खरे, पण त्या दिवसांत पाणी परतते तेही जास्त वेगाने. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्राची पातळी सुमारे १ सेंटीमीटरने चढते, किनाऱ्याकडे जोरदार वारा असेल तर आणखी. भरती-ओहोटीच्या तक्त्यात हे धरलेले नसते.

जहाजाला वळसा घालताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि बुडाजवळची वाळू उकरली जाते. तिथे खड्डे पडतात. काहींत पाणी दिसते, काही पाण्याने भिजलेल्या सैल वाळूने भरलेले असतात आणि वरून सपाट वाटतात. हातात काठी ठेवून पुढची वाळू टोचून पाहावी. पाय रुतलाच तर ओढू नये. मागे रेलून अंगाचा भार पसरावा आणि पाय हळूहळू हलवत भोवती पाणी शिरू द्यावे. अशा वाळूत माणूस पूर्ण बुडत नाही, कारण शरीर तिच्यापेक्षा हलके असते. जीव जातो तो चढत्या भरतीने.

आता पत्रा. मूळ लोखंडापेक्षा गंज कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कुजलेला पत्रा उलट जाडजूड दिसतो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आणि त्याच्या जरा वर, जिथे मीठ, पाणी आणि हवा आळीपाळीने लागतात, तिथे झीज सर्वांत जास्त. म्हणजे नेमका हात टेकवावासा वाटतो तोच भाग सर्वांत कमजोर. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटची डोकी झिजली की पत्रा अचानक सुटतो. निदान जहाजाच्या उंचीइतके अंतर राखावे. डेकवर चढणे हा निव्वळ वेडेपणा.

बंद कप्प्यात तर डोकावूही नये. गंजताना लोखंड हवेतला ऑक्सिजन शोषते. नेहमीचे २०.९ टक्के प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास आले की माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि आधी धाप लागेलच असे नाही. कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. त्याचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते.

जाड तळाचे बंद बूट हवेत. खरचटले तर जखम लगेच स्वच्छ पाण्याने धुवावी. कोमट समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रियो जिवाणू जखमेतून शरीरात शिरतात. धनुर्वात गंजामुळे होत नाही, तो खोल जखमेत जाणाऱ्या जिवाणूंमुळे होतो. पण गंजका खिळा अशी जखम हमखास करतो. खोल, मळलेली जखम झाली आणि धनुर्वाताच्या लसीचा शेवटचा डोस घेऊन ५ वर्षे उलटली असतील तर डॉक्टरांकडे जावे.

कधी धोका जहाजात नसून भोवताली असतो. ग्रीसमधल्या झाकिंथोस बेटावर १९८० साली ‘पनायोटिस’ जिथे रुतले, तो किनारा वरच्या कड्यावरून दरडी कोसळत असल्याने बंद करावा लागला. थेम्स नदीच्या मुखाशी १९४४ मध्ये बुडालेल्या ‘रिचर्ड माँटगोमेरी’त सुमारे १,४०० टन स्फोटके आहेत, त्याच्या डोलकाठ्या पाण्याबाहेर दिसतात, पण जवळ जायला कायद्याने बंदी आहे. युद्धकाळातल्या जहाजाजवळ नळकांडे किंवा पिंप दिसले तर हात लावू नये, जागा लक्षात ठेवून तटरक्षकांना कळवावे.