दोघांची बरोबरी, तिसऱ्याचा खिसा

डिसेंबर २०२३, समरकंद. बुद्धिबळाच्या जागतिक ब्लिट्झ (काही मिनिटांच्या झटपट डावांच्या) स्पर्धेत इयान नेपोम्नियाची आणि डॅनिल दुबॉव हे दोन रशियन ग्रँडमास्टर समोरासमोर बसले आणि घोडेच नाचवत राहिले. घोडे पुढे गेले, फिरून मागे आले आणि डाव बरोबरीत सुटला. पंचांनी दोघांच्याही नावापुढे शून्य लिहिलं. हा निर्णय योग्यच होता, कारण ती उघड थट्टा होती. पण तेव्हापासून कुठल्याही स्पर्धेत पंधरा चालींत हस्तांदोलन करून बरोबरी झाली की ‘फिक्सिंग!’ म्हणून ओरड सुरू होते. बहुतेक वेळा तिथे ना फिक्सिंग असतं ना भित्रेपणा. असतं ते सातवीच्या पोराला जमेल असं गणित.

शाळेत आपण शिकतो की एकाचा फायदा तो दुसऱ्याचा तोटा. एका डावापुरतं ते खरंच आहे. दोघांत मिळून एकच गुण असतो, तो एकाला जातो किंवा अर्धा अर्धा वाटला जातो. पण स्पर्धेत पटाबाहेर तिसरा कुणीतरी असतोच, आणि सगळी गंमत त्याच्यामुळे होते.

एक कल्पित स्पर्धा घेऊ. फेऱ्या ९. शेवटच्या फेरीआधी अ आणि ब यांचे ७-७ गुण आहेत आणि आता त्यांचीच गाठ आहे. मागे ६ गुणांवर काहीजण आहेत, त्यातले तिघे शेवटचा डाव जिंकणार आहेत असं धरू. बक्षिसं अशी: पहिलं ३ लाख, दुसरं २ लाख, तिसरं १ लाख, चौथं ६० हजार, पाचवं ४० हजार. गुण समान झाले की रक्कम एकत्र करून सारखी वाटायची.

अ आणि ब यांनी बरोबरी केली तर दोघांचे साडेसात. मागच्यांची धाव सातपर्यंतच. म्हणजे पहिली दोन बक्षिसं या दोघांची, प्रत्येकी अडीच लाख. आता ते लढले आणि डाव निकाली झाला असं समजा. जिंकणाऱ्याला ३ लाख. हरणारा सातवरच राहतो आणि मागून आलेल्या तिघांच्या गर्दीत सापडतो. दुसरं ते पाचवं बक्षीस मिळून ४ लाख, भागिले चार, म्हणजे हाती एक लाख.

दोघांची ताकद सारखी असेल तर लढण्याची सरासरी कमाई (३ + १) ÷ २ = २ लाख. न लढता अडीच. दोघांची मिळून बेरीज केली तर लढून ४ लाख आणि बरोबरीत ५. मग मधला एक लाख गेला कुठे? मागच्या तिघांच्या खिशात! बरोबरी झाली असती तर त्यांना मिळून २ लाख मिळाले असते, निकाल लागल्यावर ३ मिळतात.

आता थोडं पुढे जाऊ. अ च्या जिंकण्याची शक्यता किती असली तर त्याने लढावं? ती ‘क्ष’ मानू. ३क्ष + १(१ − क्ष) हे २.५ पेक्षा जास्त हवं, म्हणजे क्ष पाऊणहून जास्त हवा. ब चं गणितही हेच. पण एका डावात दोघांचीही जिंकण्याची शक्यता पाऊणहून जास्त असूच शकत नाही. म्हणजे लढावंसं वाटलं तर फार तर एकालाच वाटेल. बरोबरीच्या ताकदीच्या दोन खेळाडूंना कुणालाच नाही. त्यासाठी आधी मांडवली करायची गरज नाही. चाल करायची, बरोबरीचा प्रस्ताव मांडायचा, घड्याळाचं बटण दाबायचं, गुणपत्रिकेवर ‘=’ अशी खूण करायची. समोरच्याने हे गणित आधीच केलेलं असतं.

आता आधीच ठरवून केलेल्या बरोबरीचा आरोप कसा असतो ते पाहा. १९६२ साली कुरासाओ बेटावर आव्हानवीरांची, म्हणजे जगज्जेत्याला कोण आव्हान देणार हे ठरवणारी, स्पर्धा झाली. आठ खेळाडू, प्रत्येकाशी चार डाव. त्यात पेत्रोस्यान, केरेस आणि गेलर या तीन सोव्हिएत खेळाडूंचे आपापसातले बाराच्या बारा डाव बरोबरीत सुटले, सरासरी वीसहून कमी चालींत. प्रत्येकाचे आठ डाव आरामात गेले, तेही कॅरिबियन उकाड्यात. चौथा आलेला अमेरिकेचा बॉबी फिशर चिडला आणि रशियनांनी साटंलोटं केल्याचा जाहीर आरोप केला. पुढच्या आवृत्तीपासून गुणतक्त्याऐवजी दोघादोघांच्या बाद लढती आल्या. तिसरा माणूसच तक्त्यातून काढून टाकला, म्हणून हा उपाय मला सगळ्यात नेमका वाटतो.

चालींवर घातलेली बंधनं मात्र फसत आली आहेत. ‘३० चालींआधी बरोबरी नाही’ असा नियम फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने करून पाहिला, तो टिकला नाही. २००५ मध्ये सोफियातल्या स्पर्धेत खेळाडूंनी परस्पर बरोबरीचा प्रस्ताव ठेवण्यावर बंदी आली. पण एकच स्थिती तीनदा आली की बरोबरी मागता येते, हा नियम आहेच. बर्लिन बचाव या नावाच्या सुरुवातीत एक प्रसिद्ध वाट आहे. अकराव्या चालीला पांढरा वजीर ई४ वरून शह देतो, काळा वजीर ई६ वर आडवा येतो, पांढरा डी४ वर परततो, काळा डी६ वर. मग पुन्हा तेच. चौदाव्या चालीला खेळ खलास, आणि एक शब्दही बोलावा लागत नाही.

यावरून ‘संगणकाने बुद्धिबळ सोडवून टाकलं, आता सगळे डाव बरोबरीतच सुटणार’ असं सांगणारे बरेच भेटतात. त्यावर विश्वास ठेवू नका. पूर्णपणे सोडवलेल्या आहेत त्या पटावर दोन्ही राजे धरून सातच मोहरे उरलेल्या स्थिती. डाव सुरू होतो बत्तीस मोहऱ्यांनी.

फुटबॉलसारखे विजयाला ३ आणि बरोबरीला १ गुण द्या, असंही सुचवलं जातं. स्पेनमधल्या बिल्बाओच्या स्पर्धेत २००८ पासून तसं केलं गेलं. मला ही सूचना धोक्याची वाटते. दोघांची दोनदा गाठ पडणार असेल तर दोन बरोबऱ्यांतून प्रत्येकी २ गुण मिळतात, पण ‘एक तू जिंक, एक मी’ केलं तर प्रत्येकी ३. म्हणजे खरोखरीच्या फिक्सिंगला आमंत्रण.

नॉर्वेतल्या स्पर्धेत बरोबरी झाली की लगेच आर्मागेडन नावाचा निर्णायक झटपट डाव होतो. पांढऱ्याला वेळ जास्त, पण बरोबरी झाली तर विजय काळ्याचा. दोघांना सोयीचा निकालच तिथे उरत नाही. फक्त ज्याला आर्मागेडनचीच घाई आहे, तो मुख्य डाव आजही पंधरा चालींत उरकू शकतो.